आक्काचा शेला

गॅसवरचं पाणी उकळायला लागलं, तसा रेश्मानं त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला. शेजारी पाटावर नलिनीआक्काचा शेला घडी करून ठेवला होता. अस्सल रेशीम, अस्सल जर. थोरल्या जावेला तिच्या आईनं लग्नात दिलेला. रविवारी आक्काच्या लेकीचं, सृष्टीचं लग्न, आणि शेला तिच्या खांद्यावर पडायचा होता. साखरपुड्यात त्याच्यावर भज्यांच्या तेलाचा डाग पडला. तर आक्का तो घेऊन आली कुणाकडं? रेश्माकडं!

अहो, जिनं रेश्माच्या आईच्या शेल्याचं वाटोळं केलं तीच ही बाई. रेश्मा तेव्हा या घरात नवी सून होती. नुकतीच तिची आई गेलेली, तिचा शेला तेवढा रेश्माकडं उरलेला. सासूबाई धाकटीच्या शेल्याचं कौतुक करायच्या, ते थोरलीला सोसवलं नाही. तिनं तो पोरांच्या मळक्या कपड्यांबरोबर सोड्याच्या पाण्यात उकळला. मुद्दाम. रेश्मानं काठीनं वर काढला तेव्हा त्याचा चोथा झाला होता. "मला काय ठावं रेशमाचं," आक्का म्हणाली आणि हसली. हसली मेली!

त्याच रागानं रेश्मा रेशीम धुवायला शिकली. आता भुकूमच्या नव्या सोसायट्यांतल्या बायका आपले स्कार्फ, बटवे, ओढण्या तिच्याच हाती देतात. रिठ्याचं कोमट पाणी घ्यायचं, पिळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. रेशीम कशानं टिकतं हे तिला पक्कं कळलं होतं. कशानं जातं हे तर आधीपासूनच ठाऊक होतं.

तिनं शेला उचलला. इतकी वर्षं ती याच घटकेची वाट बघत होती.

मागं चाहूल लागली. दारात आक्का उभी होती. सोड्याचा पुडा ओट्यावर उघडाच पडलेला. आता ही बोंब ठोकणार, शेला हिसकावणार. रेश्मा पदर खोचून भांडायलाच वळली.

आक्का जागची हलली नाही.

"सोडा हाय ह्यात," रेश्मा म्हणाली.

"दिसतंय मला."

"शेला जाईल तुमचा."

"जाऊ दे." आक्का म्हणाली. "सृष्टीला दुसरा घिऊ. डाग बी मीच पाडलाय त्याच्यावर, तुझ्याकडं आणता यावा म्हणून. लई वर्षं झाली, तुझ्या आईचा शेला माझ्या डोळ्यांम्होरनं हलत न्हाई. टाक तू. माझ्या बी आईचा जाऊ दे, म्हंजी फिटंल आपलं."

जरा वेळ रेश्माला तिची दयासुद्धा आली. मग अंगाची लाही लाही झाली. वा गं वा! हिच्या मनात आलं तेव्हा हिनं नासायचं, आणि हिच्या मनात आलं की हिनं मोकळं व्हायचं?

तिनं सोड्याचं पाणी मोरीत ओतून दिलं.

"अगं, टाक की!" आक्का कळवळून म्हणाली. "हात जोडते तुला."

रेश्मानं डागावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि तेल शोषून घेऊ दिलं. मग रिठ्याच्या पाण्यात शेला हलक्या हातानं धुतला, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपलं, सावलीत वाळवला, वर मलमलचं फडकं टाकून इस्त्री फिरवली. आईच्या शेल्यावर तिला हे काही करता आलं नव्हतं. ते आठवून ती रडलीही.

लग्नाच्या सकाळी मांडवात सगळ्या भावकीदेखत तिनं शेला आक्काच्या हातात दिला. डागाचा मागमूस नव्हता. बायका वाहवा करायला लागल्या. आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, लेकीसाठी रडतेय.

रेश्मा तिच्या कानाशी वाकली.

"जपून ठिवा, आक्का. तुमी मरंस्तवर टिकंल."