आबांचा परवाना

"शनिवारपर्यंत बंदूक ठाण्यात जमा करा, आबा. परवाना रद्द होतोय. कुणीतरी अर्ज केलाय," कोतवाल सुपडू एवढं बोलून ओट्यावर टेकला.

सुलक्षणा भाकरी टाकत होती. ती पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"कोणी केला अर्ज?"

सुपडूनं हात वर केले. "मला निरोप तेवढाच."

आबांनी तर तेही विचारलं नाही. खुंटीवरची बंदूक काढली आणि फडक्यानं नळी पुसायला बसले. सुलक्षणाचं डोकं फिरलं. म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, आणि आता त्याच्याच मुळावर कुणी उठावं?

गावात बंदूक एकच, अभिमन आबांची, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं मक्यात घुसली की वनखात्याची परवानगी काढायची आणि आबांना बोलवायचं, ही गावाची रीत. तीस वर्षांत आबांची एक गोळी बांधापलीकडे गेली नाही. रस्त्याच्या दिशेनं नाही, घरांच्या दिशेनं तर नाहीच. जखमी डुक्कर तडफडत टाकून ते कधी घरी जेवायला आले नाहीत. आणि मेलेल्या डुकराला पंचनामा होईस्तोवर कुणाला हात लावू देत नसत. वाट्याच्या आशेनं पातेली घेऊन आलेले लोक त्यांच्या नावानं बोटं मोडत परत जात.

एकदा डुक्कर शेजारच्या ज्वारीत, बांधापासून दोन हातांवर उभं होतं. ज्वारीचा मालक चुडामण स्वतः म्हणाला, "मारा आबा, मी सांगस ना."

"कागद तुना वावरना नही," आबा म्हणाले आणि बंदूक खाली केली. चुडामणची अर्धी ज्वारी गेली. तो वर्षभर आबांशी बोलला नाही, पण बाहेरगावी हीच गोष्ट छाती फुगवून सांगायचा.

सुलक्षणाही तशीच. माहेरी असोद्याला गेली की नवऱ्याचं कमी आणि सासऱ्याचंच जास्त सांगायची. जनावर पुरतं दिसल्याशिवाय आबांचं बोट चापावर जात नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं. आणि माणूस किती मायाळू. गेल्या महिन्यात तिला ऊन लागू नये म्हणून त्यांनी बाजारातून भडक केशरी ओढणी आणली. ती वावरात निघाली की आबा दारात उभं राहून बघायचे, डोक्याला बांधली की नाही. असा सासरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

आता अर्ज करणारा कोण, हे तिला सांगायला नकोच होतं. पाचोरा शहर वाढत वाढत गावाच्या शिवेला टेकलं होतं, आणि आबांच्या बांधाला लागून हितेंद्रनं प्लॉट पाडले होते. बंदुकीच्या आवाजानं गिऱ्हाईक बिचकतं, असं तो मागच्या हंगामात बोलला होता. सुलक्षणानं स्कूटी काढली आणि थेट त्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"म्हाताऱ्याच्या वाटेला जायला लाज नाही वाटली?"

"वहिनी, बसा तरी," हितेंद्र म्हणाला. "आवाजाचं मी बोललो होतो, नाही म्हणत नाही. पण अर्ज माझा नाही. आबा नसले तर डुकरं माझ्या प्लॉटात नाचतील."

"मग कोणाचा?"

"जळगावला कचेरीत जा. अर्ज बघायला मिळतो. आणि माझं नाव त्यावर निघालं तर सगळ्या गावासमोर माझे कान धरा."

तो खोटं बोलतोय असं वाटेना. सुलक्षणा आणखीच चिडली.

संध्याकाळी तिनं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. शेजारच्या प्रमिलाबाईंनी अंगठा दिला, चुडामणनं तर सर्वांत वर सही केली. रात्री जेवताना ती म्हणाली, "आबा, मी सकाळमा जळगावले जास."

"राहू दे माय," आबा ताटाकडे बघत म्हणाले. "मन्हं वय व्हयनं. बंदूक जाऊ दे."

"तुमना या ‘राहू दे’मुळेच लोक डोकावर बसतस."

आबांचा घास हातातच राहिला. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग पाणी प्यायले आणि उठले. त्यांचा पडलेला चेहरा पाहून सुलक्षणाला भडभडून आलं. ही बंदूक आपण परत आणणारच, असं तिनं मनाशी ठरवलं.

सकाळच्या एसटीनं ती जळगावला पोचली. कचेरीत नवल नावाचा कारकून होता. तिनं सह्यांचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला. वरची ओळ तिनं स्वतः लिहिली होती: ‘आमच्या आबांच्या हातून तीस वर्षांत एकही चूक झालेली नाही.’

"आता तो अर्ज दाखवा," ती म्हणाली. "बघू दे कुणाची छाती झाली ती."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"सून."

नवलनं फाईल शोधली, अर्ज काढून तिच्यापुढे सरकवला आणि दुसऱ्या माणसाकडे वळला. अक्षर तिरकं होतं, एकेक काना जोर देऊन ओढलेला. सुलक्षणानं ते ओळखलं आणि उभ्या उभ्या वाचू लागली.

‘मी अभिमन झुलाल पाटील विनंती करतो की माझा परवाना कायमचा रद्द करावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याजवळ परवानगीचा कागद होता, गट माझाच होता, मी बांधही ओलांडला नाही. पण मका हलला आणि जनावर पुरतं न बघताच मी चाप ओढला. काडतूस सादळलेलं होतं म्हणून उडालं नाही, आणि मक्यात वाकून गवत कापणारी माझी सून सुलक्षणा वाचली.’