तिसऱ्या घाटावरची नाव

राजधानीच्या यमुनादर्शनात तिसरा घाट आला, की पर्यटक हात हलवायचे. लाटांवरून एक तरुण नावाडी हसत, वल्हवत यायचा. नदी आटायच्या आधीचं, चाळीस वर्षांपूर्वीचं चित्रण होतं ते, कोरड्या पात्रात प्रकाशानं उभं केलेलं.

"हे आमचे मालक," म्हाताऱ्या फुलमतीनं नावाड्याकडे बोट दाखवून सांगितलं आणि पिशवीतून अस्थींचा कलश काढला.

गाइड मृणाल पुढे झाली. "आजी, इथे पाणी नाही हो. नुसता प्रकाश आहे."

"ठाऊक आहे, पोरी. पण जाताना त्यांनी हाच घाट सांगितला."

तिनं कलश उपडा केला. रक्षा लाटांमधून सरळ खाली गेली आणि काँक्रीटवर पडून राहिली. त्या रक्षेवरून नावाडी हसत पुढे निघून गेला.

सहा मिनिटांनी तो पुन्हा येणार होता. झाडूयंत्र त्याच्याआधीच आलं.