वाळू धरणारी वेल

कासवाने अंडी घातल्याला आज पंचावन्नावा, म्हणजे पिल्लं वर येण्याचा दिवस, म्हणून कुंदाने रिवाजाप्रमाणे सगळ्या गावासमोर घरट्यावरची टोपली उचलली. एकही पिल्लू वर आलेलं नव्हतं. तिने हाताने वाळू उकरली. प्रत्येक पिल्लाभोवती पांढरी मुळं आवळलेली होती. एकही जिवंत नव्हतं.

मुळं किनाऱ्यावर लावलेल्या नव्या वेलीची होती; हलेल ते धरून ठेवायचं, एवढंच तिला प्रयोगशाळेत शिकवलेलं. तिच्यामुळे तीन पावसाळे पुळणीची वाळू वाहून गेली नव्हती, घरं वाचली होती. तिला जागा करायला किनाऱ्यावर आपसूक वाढणारी जुनी मर्यादवेल कुंदानेच उपटली होती.

सासूने कोयता पुढे केला. "काप ही वेल."

"आई, मग समुद्र घरात शिरेल."

"शिरू दे. तो परत तरी जातो."