डोहाचा मक्ता

कचरूच्या गळावरच्या पिसाच्या माशीखाली पाणी फुटलं आणि बांबूची काठी वाकली. मासा लागला होता, आणि साधासुधा नव्हता. डाव्या हातातली रेशमी दोराची वेटोळी सरसर निघू लागली, तशी कचरूने ती मुठीत आवळून धरली.

पलीकडच्या खडकावर त्याचा चुलतभाऊ भुजंग आपली काठी घेऊन उभा होता. पूर्णा नदीच्या या डोहातले मासे गांडुळाला विचारत नसत. कोंबड्याचं पीस गळाला गुंडाळून त्याची माशी करायची आणि ती पाण्यावर नाचवायची. जालन्याच्या छावणीत गोऱ्या साहेबांचं सामान वाहता वाहता दोघांच्या आजोबाने ही विद्या उचलली होती. आजोबा गेला, विद्या दोघांकडे आली आणि डोह मात्र एकच राहिला. मग भाऊबंदकीला आणखी काय लागतं? दोन्ही घरांचं बोलणं कधीच बंद झालं होतं.

जहागीरदाराकडे हैदराबादहून पाहुणे यायचे होते. त्यांच्या ताटासाठी जो पहिला हातभर मासा काढील त्याला डोहातल्या मासेमारीचा मक्ता, असं त्याने फर्मावलं होतं. दुसऱ्याने बायकापोरं घेऊन जालन्याच्या जिनिंगमध्ये सरकी उपसायला जावं. निवाडा करायला अजमत जमादार दरडीवर करंजाच्या सावलीत बसला होता.

"दादा, दोर सोड!" भुजंग एकाएकी ओरडला. "ताणू नको! पळू दे त्याला, दमू दे, मंग वढ!"

कचरू दचकला. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते आज, आणि तेही मासा हातात असताना! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला तो काही खुळा नव्हता. मासा निसटला तर फायदा कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने दात ओठ खाऊन मूठ आणखी आवळली.

काठीचं टोक मोडलं. पाठोपाठ दोरही मधोमध तुटला आणि पाणी पुन्हा गप्प झालं.

कचरू मोडकी काठी घेऊन दरडीवर आला. आता त्याच्याकडे ना काठी होती, ना पुरेसा दोर.

"अरे कचरू, बराबर बोलला ना तो," अजमत म्हणाला. "ऐकायला काय खर्चा होता?"

भुजंगने फसवलं असतं तर कचरूला निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो खरं बोलला होता, आणि तेच कचरूला जास्त झोंबत होतं.

एवढ्यात भुजंगच्या माशीवर पाणी फुटलं.

त्याने दोर ढिला सोडला. मासा पळाला, दमला, पुन्हा पळाला. मग तो डोहाच्या मधल्या खडकाआड शिरला आणि दोर त्या खडकाच्या कडेला घासू लागला. भुजंग एकदा इकडे, एकदा तिकडे काठी वळवू लागला. त्याच्या डोळ्यांवर ऊन चमकत होतं, त्याला काहीच दिसत नव्हतं. दरडीवरून कचरूला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. भुजंग आपल्या खडकावरून डावीकडे पाण्यात उतरला तर दोर सरळ होईल आणि कडेवरून सुटेल. नाहीतर आणखी दोनचार घासण्यांत तुटेल.

डावीकडे भोवरा होता. तिथे गावातलं कुणी कधी उतरत नसे. पण त्या काळ्या पाण्याखाली खडकाची एक रुंद पायरी होती. ती कचरूला उन्हाळ्यात सापडली होती आणि त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. मक्ता मिळाल्यावर तिच्यावर उभं राहून त्याला सगळा डोह झोडपायचा होता.

आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. दोर आपोआप तुटला असता. उद्या नवी काठी, नवा डाव. गप्प बसल्याचं पाप कुठल्या देवाने कुणाच्या माथी मारलंय?

दोर घासत होता. कचरू उठून उभा राहिला.

"भुजंग! डाव्या अंगाला उतर! पाण्यात!"

अजमतने त्याचा दंड धरला. "तिथं भोवरा हाय रे! जीव घेतो का त्याचा?"

हे भुजंगनेही ऐकलं. कचरूला ते त्याच्या ताठरलेल्या पाठीवरून कळलं. मोडक्या काठीचा माणूस दरडीवरून भोवऱ्यात उतर म्हणतो, तर कोण उतरेल? मी उतरलो असतो का? कचरूने स्वतःला विचारलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"पायरी हाय तिथं!" तो जीव तोडून ओरडला. "म्या पाह्यली हाय! कंबरंएवढंच पाणी हाय!"

भुजंगने पाय उचलला आणि काळ्या पाण्यात टाकला. गुडघे गेले, मांड्या गेल्या. अजमत 'या अल्ला' म्हणत दरडीच्या कडेपर्यंत धावला. पायरी तिथेच असेल ना? पावसाळ्यातल्या पुराने हलवली तर नसेल?

पाणी कमरेशी येऊन थांबलं. दोर कडेवरून सुटून सरळ झाला.

भुजंगने मागे वळून पाहिलं नाही. त्याची नजर दोरावरच होती.

"आता काय करू, दादा?" त्याने विचारलं.