लख्ख पिस्तुलं

पारख्यानं मखमलीचं फडकं उलगडलं आणि त्याच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं. आतलं पिस्तूल आरशासारखं चमकत होतं. नळीवर त्याला स्वतःचा पडलेला चेहरा दिसला.

"काय झालं, साहेब?" मुलानं विचारलं. तो खुशीत होता. इतकं चमकतंय म्हणजे माल एक नंबर, असं त्याला वाटलं असावं.

"हे कोणी घासलं?"

मुलानं आईकडे पाहिलं. आई कोपऱ्यात, हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राशेजारी उभी होती. उजव्या मनगटाला पट्टी बांधली होती.

"मीच," ती म्हणाली. "काळी पडली होती रे सगळी. पाहुणे येणार म्हणून जरा हात फिरवला."

सगळी! पारख्यानं भराभर बाकीची फडकी उलगडली. चकमकीवर उडणारं लांब नळीचं पिस्तूल लख्ख. दोन नळ्यांचं लख्ख. पेटीतली जुळी तर नव्या चमच्यांसारखी लख्ख. काम अर्धवट सोडायची या बाईला सवय नसावी.

खोलीला दोन मोठ्या खिडक्या होत्या. दोन्हींच्या फटींना चिकटपट्टी लावलेली होती. पिस्तुलं जमवली मुलाच्या वडिलांनी, आणि दमट हवेनं लोखंड गंजेल म्हणून खिडक्याही बंद केल्या त्यांनीच. ते गेले, खिडक्या तशाच राहिल्या. यंत्राच्या तळाशी साठणारं पाणी सकाळ-संध्याकाळ ओतावं लागे. ते काम आईचं. त्यामुळे तिला एक रात्रसुद्धा बाहेर राहता येत नसे. दूरच्या गावी तिची धाकटी बहीण एकटीच होती. "ये गं, दोघी मिळून राहू," असं म्हणून म्हणून ती थकली होती. आई "येते गं" म्हणायची आणि पाणी ओतायला उठायची.

मुलगा काही वाईट नव्हता. अधूनमधून यायचा, फळं आणायचा, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा आणि पिस्तुलं बघून जायचा. आज त्यानं पारख्याला आणलं होतं ते विम्यासाठी. विमा कंपनीची एकच अट होती, घर कधी रिकामं राहता कामा नये. "ती अडचणच नाही," तो दारातच पारख्याला म्हणाला होता. "आमची आई कुठे जातेय? ती असेपर्यंत ही पिस्तुलं धरून ठेवायची. भाव कुठल्या कुठे जाईल!" आई तेव्हा चहा देत होती. बशीत थोडा सांडला, तो तिनं पदरानं टिपला.

पारख्यानं डोळ्याला भिंग लावलं.

"पिस्तुलाचं वय कशावरून सांगतो आम्ही? नळीच्या पोटाशी चाचणीचा शिक्का असतो. घोड्याजवळच्या पट्टीवर कारागिराचं नाव असतं. आणि लोखंडावर वर्षानुवर्षं चढलेली तपकिरी साय असते. तोच त्याचा जन्माचा दाखला." भिंगाखाली शिक्क्याच्या जागी नुसते ओरखडे होते. "इथे दाखलाच पुसून टाकलाय. ही शंभर वर्षांची की दोनशे, मी छातीठोक सांगू शकत नाही. वय नाही, तर किंमतही नाही. शोभेला भिंतीवर टांगा."

मुलानं कपाळाला हात लावला. "आईला यातलं काही कळत नाही हो. बाबाही हेच म्हणायचे."

"तुमच्या एकट्या आईंचं काय घेऊन बसलात? जुनं पिस्तूल घासू नका, फार तर तेलाचा हात द्या, असं मी फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला ओरडून ओरडून सांगतो. लोक ऐकतील तर शपथ!"

"पण काही उपाय असेलच की. परत काळी नाही करता येणार? तुम्हाला येत असेल, साहेब."

येत होतं. आम्लाच्या वाफेवर धरलं की नवं लोखंडही म्हातारं दिसतं आणि नवखा हमखास फसतो. यंत्र घरघरत होतं. पारख्यानं सहज मान वर केली. मुलाच्या चेहऱ्यावर आशा होती. आई मात्र श्वास रोखून पारख्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती. बिचारी मुलाच्या रागाला घाबरली, असं त्याला वाटलं. त्याला तिची फार दया आली.

"रंग चढवतात लोक," तो म्हणाला. "पण शिक्का परत येत नाही. आणि आमच्या धंद्यात त्याला खोटं म्हणतात. ते मी करणार नाही. कागदावर किंमतही लिहून देणार नाही."

"म्हणजे विमा नाही?"

"कशाचा उतरवणार?"

आई हळूच खुर्चीवर टेकली.

मुलगा यंत्रापाशी गेला. "मग हे धूड तरी कशाला चालवायचं?" म्हणत त्यानं वायर खेचून काढली आणि कोणाला तरी फोन लावत तो तणतणत बाहेर गेला. घरघर थांबली. रस्त्यावरचे आवाज पहिल्यांदाच ऐकू आले.

पारख्यानं भिंग खिशात टाकलं. आई उठून खिडकीची चिकटपट्टी खरवडत होती. दुखऱ्या मनगटानं तिला जमेना, तेव्हा तो मदतीला गेला. चिकटपट्टी निघाली, कडी निघाली. गार वारा थेट पिस्तुलांपर्यंत गेला.

"मनाला लावून घेऊ नका, काकू," तो म्हणाला. "चूक होते माणसाच्या हातून. ते ओरडण्याचं वगैरे मी उगाच बोललो."

"उगाचच की," आई बाहेर बघत म्हणाली. "माझ्यावर कुठे ओरडला होतात? काय केलं की यांची किंमत जाते, ते फोनवर किती नीट समजावून सांगितलंत!"