उचलायला आलेली माणसं

स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या पडल्या व्हर्ना क्लिंगरनं दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, हाड मोडलेलं नाही. दोन, गळ्यातलं मदतीचं बटण दाबायचं नाही. बटण दाबलं की बंबवाले येतात, आणि दारातल्या हिरवळीवर तिनं स्वतःच्या हातानं पाटी ठोकलेली : 'बंबवाल्यांच्या पेन्शनसाठी घरपट्टी वाढवू नका.' त्या वाढीवर गावाचं मतदान उद्यावर आलेलं. कुठल्या तोंडानं बोलवायचं?

सकाळची दुपार झाली, पाय बधिर झाले, तेव्हा लाज आपोआप मागे सरली. तिनं बटण दाबलं.

दोघं आली. मरीसा नावाची धिप्पाड, हसरी बाई आणि पन्नाशी उलटलेला ड्वेन. पाटी ओलांडूनच आत आली असणार, पण कुणी तिचं नाव काढलं नाही. हॅडली फॉल्स म्हाताऱ्यांचं गाव. इथं आगी लागतात थोड्या, माणसं पडतात फार.

"किती वेळ पडून होतात, मिसेस क्लिंगर?"

"आत्ताच पडले."

ड्वेननं ओट्यावरच्या कॉफीच्या कपाला हात लावून पाहिला. कॉफी गार झालेली.

मग तिलाच राहवेना. "पाटी वाचलीस ना? तुमच्यावर राग नाही रे माझा. आमचे हे गेल्यापासून ओढूनताणून भागवतेय. घरपट्टी वाढली तर हे घर विकावं लागेल मला."

"माझी आईही तेच म्हणते," ड्वेन म्हणाला. "ती तर उद्या पोटच्या पोराविरुद्ध मत देणार आहे."

"आणि पंचावन्नाव्या वर्षी घरी बसून तू करणार तरी काय?"

"मासे धरणार. आधी तुम्ही मला धरा."

तो तिच्या मागे गुडघ्यांवर बसला, काखेतून हात घातले. मरीसानं पाय धरले. एक, दोन, तीन, आणि व्हर्ना खुर्चीत. मरीसानं तिची नाडी पाहिली, पायाची बोटं हलवायला लावली आणि ठाण्यावर कळवायला बाहेर गाडीकडे गेली. ड्वेन मात्र खालीच राहिला.

"आता उठ की."

"उठतो. जरा थांबा." त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. "पाठ धरलीये. मरीसाला सांगू नका. कॅप्टनच्या कानावर गेलं तर गाडीवरून उतरवतील. दोन वर्षं राहिलीत माझी. आत्ता उतरलो तर पेन्शन निम्मी."

आपल्याला कुणीतरी पिठाच्या पोत्यासारखं उचलतं तेव्हा भार त्याच्या पाठीवर येतो, हे आजवर व्हर्नाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं त्याला हात पुढे केला. त्यानं तो धरला, पण त्याला उठता येईना.

तेवढ्यात मरीसा दारात. "ड्वेन? खाली काय करतोयस?"

ड्वेननं तोंड उघडलं.

"प्रार्थना," व्हर्ना म्हणाली. "मीच म्हटलं, जायच्या आधी माझ्याबरोबर प्रार्थना कर. तुला घाई असेल तर गाडीत थांब बाई."

मरीसा पाद्र्याची मुलगी. तिला कसली घाई? तिनं टोपी काढली, डोळे मिटले आणि दारातच मान खाली घालून उभी राहिली.

आता आली का पंचाईत! थाप मारली होती आणि साक्षीला थेट देवालाच बोलावलं होतं. व्हर्नानं ड्वेनचा हात दोन्ही हातांत घेतला. जन्मभर म्हटलेल्या कितीतरी प्रार्थना तिला पाठ होत्या. त्यातली एकही आत्ता ओठांवर येईना.

"देवा," ती म्हणाली, "ह्या माणसाची राहिलेली दोन वर्षं तू निभावून ने."

ती थांबली. तिनं डोळे उघडून आपल्या स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, ओट्याकडे, खिडकीकडे. मग पुन्हा मिटले.

"त्याच्या पुढचं उद्या आम्ही बघतो."