मास्तरचं लायसन

ऐका पाव्हणं, बसा असं सावलीला. चहा येईस्तोर एक गोष्ट सांगतो. आमच्या साखऱ्याच्या वैजनाथ मास्तरची. राग माणसाला कुठं कुठं पळवतो आन् शेवटी कुठं आणून आपटतो, ते बघा.

तर मास्तर सेनगावला दिपकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात टेबलावर बुक्क्या हाणून राहिला व्हता.

"पुन्हा टाक पासवर्ड!"

"टाकला ना मास्तर. चुकीचा म्हणतंय."

"पाच वर्सं हाच हाय. आजच काहून चुकीचा?"

सांजेपस्तोर पोर्टलवर केवायसी भरली न्हाई तर विम्याचं लायसन बंद पडणार व्हतं. आन् लायसन बंद म्हंजे मास्तरचा रुबाब बंद. विमावाला म्हणून त्याला सरपंचापेक्षा जादा रामराम मिळायचा. त्यापायी तर तो शाळेतून अर्धी रजा टाकून आल्ता.

दिपकनं नवा पासवर्ड मागितला. पोर्टल म्हणालं, ओटीपी पाठवलाय. मास्तरनं सवयीनं घरी फोन लावला. विम्याच्या कामाचा तो बटनाचा मोबाईल चुलीपाशी फळीवर राहायचा. दर बारीला मास्तर फोन करायचा, त्याची बायको शालूबाई भाकर थापता थापता आकडे वाचून दाखवायची, मास्तर कट करायचा.

"आकडे सांग."

"आले न्हाईत."

"नीट बघ की! तुला वाचता येतं का न्हाई?"

"येतं. आता लई बरं येतं."

मास्तरनं फोन आपटला. सकाळपासनंच त्याचं टाळकं फिरलेलं व्हतं. तांड्यावरची अनुसयाबाई उजाडायलाच दारात येऊन बसली व्हती. तिचा नवरा बाबूसिंग वीज पडून गेला. त्याचा विमा मास्तरनंच काढलेला.

"काहून येऊन राहिली रोज रोज? कागद वर पाठवलेत म्हणलं ना!" मास्तर खेकसला व्हता.

कागद कुठले वर! कपाटावर धूळ खात पडले व्हते. शालूबाईनं अनुसयाबाईला पाणी दिलं. एकदा कपाटाकडं बघितलं.

"मास्तर," दिपक हळूच म्हणाला, "इथं मोबाईल नंबरच दुसरा दाखवून राहिला. कोणी तरी बदललाय."

"कोणी तरी? कोणी तरी म्हंजे कोण? तुझ्याच दुकानात सगळं व्हतं ना बे!"

"माझ्या हातात काय हाय? ज्याचं लायसन, त्यालाच बोट लावून नंबर बदलता येतो."

"मंग मी लावलं व्हय बोट?"

दिपकनं मान खाली घातली. "न्हाई मास्तर. तुमी न्हाई लावलं."

"हेल्पलाइन लाव!"

दिपकनं लावून फोन त्याच्या हाती दिला. पलीकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, आपलं संपूर्ण नाव सांगता का?" मास्तरनं फोन कापला. रागात माणसाला सोताचं नाव बी सुचत न्हाई म्हणतेत.

पोर्टलवर न्हाई तर न्हाई, माणसावर तरी राग काढावा! मास्तरनं गाडीला लाथ हाणली आन् थेट पुसेगाव गाठलं. तिथला माणिकराव बी विमा एजंट. दोघांचं पहिल्यापासून वाकडं. माणिकराव ओट्यावर बसून पानाला चुना लावत व्हता. मास्तरनं जाऊन त्याची कॉलरच धरली.

"माझं लायसन चोरतो व्हय रे चोट्ट्या!"

चार माणसं जमली. माणिकराव काय घाबरला न्हाई.

"चोरी झाली? मंग ठाण्यात चल की. मी येतो संगं. साहेबासमोर सांग, माझं लायसन चोरलं म्हणून. बराबर शब्द न् शब्द लिहून घेतेत."

मास्तरचा हात ढिला पडला.

"चल ना! काहून थांबला?" माणिकरावनं पान तोंडात घातलं आन् हसला. "जा मास्तर, घरी जा. उन्हाची तकलीफ व्हते."

लोकं बी हसली. मास्तर साखऱ्याला आला तो इंगळावर चालत आल्यासारखा.

घरात बघतो तर अनुसयाबाई बाजेवर बसून बशीतून चहा पिऊन राहिली. तांड्यावरची बाई, त्याच्या बाजेवर! शेजारी शालूबाई, डोळ्याला चष्मा, हातात नवा मोबाईल. कपाटावरचे कागद पुसून तिच्या मांडीवर ठेवलेले.

"ही इथं काहून बसली?"

"तिचा क्लेम भरला," शालूबाई म्हणाली. "आत्ताच. फोटो काढून सगळे कागद चढवले."

"चढवले? कशावर?"

"पोर्टलवर. केवायसी बी भरली."

"आन् पासवर्ड?"

"मीच बदलला. नंबर बी मीच बदलला. सोमवारी दिपककडं गेल्ते, या अनुसयाबाईच्या संगं."

मास्तरच्या कपाळाची शीर तटतटली. हात उगारून तो पुढं झाला. "अगं ए! माझं लायसन, आन् तू चुलीपुढची बाई त्याला..."

शालूबाई जागची हलली न्हाई. चष्मा तेवढा वर सरकवला.

"हळू बोला. तुमचे हेडसर शेजारीच राहतेत."

उगारलेला हात आपसूक खाली आला. अनुसयाबाईनं बशी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आन् मास्तरला बसायला बाजेवर जागा करून दिली.

तवा पाव्हणं, एक इनंती हाय. साखऱ्याला विम्यासाठी गेलात तर दारात मास्तरच्या नावानं हाक मारू नका, तो सरकारी पगाराचा माणूस हाय, त्याला दुसरा धंदा करायला बंदी हाय. लायसनवर पहिल्या दिवसापासनं जिचं नाव आन् जिचा फोटो हाय, त्या शालूबाईला हाक मारा.